तिसरा भाग बाहेर गेलाय

वाचनालयातून निवृत्त झाल्या तरी ग्रंथपाल मावशींचा दरारा काही निवृत्त झाला नव्हता. भाच्याने तलवारी, जादूगार आणि ड्रॅगन असलेला एक ऑनलाइन खेळ काढला होता. त्यातल्या किल्ल्यात उघडून वाचता येतील अशी पुस्तकं हवीत म्हणून त्याने मावशींना गळ घातली. मावशींनी त्या राज्याचा इतिहास तीन भागांत लिहून दिला. पण कुणीही यावं आणि वाटेल ते उचलावं, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी भाच्याकडून खेळात नियम घालून घेतले: तलवार दाराशी ठेवायची आणि प्रत्येक पुस्तकाची प्रत एकच.

आठवड्याभरात भाचा रडकुंडीला आला. "मावशी, लढाई बंद पडलीये. तिसरा भाग कुणीतरी दाबून बसलाय आणि दोन्ही सैन्यं तुझ्या वाचनालयापुढे रांगेत उभी आहेत."

नोकरीत असताना मावशी पुस्तकं बुडवणाऱ्यांच्या थेट घरी जात. तशाच त्या खेळात शिरल्या आणि डोंगर पालथे घालून एका गुहेत राक्षसाएवढ्या योद्ध्यापुढे उभ्या राहिल्या.

"पुस्तक द्या," त्या माइकवर म्हणाल्या.

"दोनच पानं राहिलीत," योद्धा गुरगुरला. तेच वाक्य पलीकडच्या खोलीतूनही ऐकू आलं.

मावशी दाराशी गेल्या. जन्मात पेपरापलीकडे काही न वाचलेले त्यांचे यजमान हेडफोन लावून, पडद्याला नाक चिकटवून बसले होते. मावशींनी हळूच दार ओढून घेतलं आणि भाच्याला फोन लावला.

"सैन्यांना सांग, पुस्तक बाइंडिंगला गेलंय."