शिमग्यातली कावीळ

"दोन वर्षं लागोपाठ कावीळ, आणि फॉर्मवर लिहितो 'आजार नाही'. मॅडम, यात चौकशीसारखं राहिलंय काय? रिजेक्शन लेटर तयार करा." जहागीरदारसाहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि ते पान लावायला लागले.

मी तेव्हा एका विमा कंपनीच्या ठाण्यातल्या शाखेत क्लेम्सचं टेबल सांभाळत होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. जहागीरदारसाहेब आमचे ब्रँच मॅनेजर. फाइल होती दत्ताराम गोरिवले यांची. राहायला कोपरीत, कामाला बाळकुमजवळच्या एका कारखान्यात, लेथ मशीनवर. पॉलिसी घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि मशीनसमोरच हार्ट अटॅकनं गेले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. मागे बायको सुनंदा आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

पॉलिसीनंतर लवकर मृत्यू आला, की आमच्याकडे त्याला 'अर्ली क्लेम' म्हणत. मग चौकशी आलीच. त्यातून ही पॉलिसी नॉन-मेडिकल. म्हणजे विमा देताना डॉक्टरनं तपासलेलं नाही. फॉर्मवर आजारांचे प्रश्न असतात, त्यांची उत्तरं माणूस देतो आणि कंपनी त्यावर विश्वास ठेवते. पण क्लेम आला की हाच विश्वास उलटून पालटून बघितला जातो. नोकरीच्या ठिकाणाहून रजांचा तपशील मागवतात. गोरिवल्यांच्या तपशिलात पॉलिसी घेण्याआधीच्या दोन्ही वर्षी मार्चमध्ये आजारपणाची लांबलचक रजा होती, कारण कावीळ. आणि आमच्या फॉर्मवर मात्र त्यांनी कावीळ कधीच झाली नाही म्हणून सही केली होती.

मृत्यू हृदयानं झाला, काविळीचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. पण दोन वर्षांच्या आतला क्लेम असला की फॉर्मवरचं खोटं तेवढं पुरे होतं. साहेबांचं चुकत नव्हतं. तरी घरी जाऊन आल्याशिवाय मी पत्र लिहीत नसे. साहेब याला माझी खोड म्हणत.

कोपरीत सुनंदाबाईंनी चहा ठेवला. काविळीचं विचारल्यावर त्यांना एकदम हसू आलं, आणि लगेच पदर तोंडाशी गेला.

"यांना कसली कावीळ! ते गावाला गेलेले, शिमग्याला. पालखीला खांदा द्यायचा मान आहे आमच्या घराचा. मार्चमध्ये कंपनी साधी रजा देतच नाही, वर्षअखेर असते म्हणून. मग सगळेच आजारी पडतात."

"सगळेच?"

"आमच्या गावचे सगळे."

मला पटलं. पण पैसे जिला मिळायचे तिचा शब्द पुरावा म्हणून चालत नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मुलींकडे बघितलं आणि चहाचे कप उचलून आत गेल्या.

सर्टिफिकेट देणारे डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. मी विषय काढला तेव्हा ते कोणाचं तरी औषध लिहून देत होते. मान वर न करता म्हणाले, "तपासल्याशिवाय मी सर्टिफिकेट देत नाही. नेक्स्ट!" समोर बसलेल्या बाईला त्यांनी हातही लावला नव्हता. मला भयंकर राग आला. पण डॉक्टरांची तरी काय चूक म्हणायची? खोटं लिहून दिलं असं ते लिहून थोडंच देणार!

मग कारखान्यात गेले. पर्सोनेल डिपार्टमेंटमध्ये साळवी म्हणून क्लार्क होते, रिटायरमेंटला आलेले. रजांचा तपशील त्यांनीच पाठवला होता.

"साळवी, मार्चमध्ये कावीळ झालेले तुमच्याकडे आणखी कोण आहेत?"

ते गालातल्या गालात हसले. "मॅडम, मार्चमध्ये आमच्याकडे साथच येते. फक्त रत्नागिरीवाल्यांना होते. घाटावरच्यांना लागण नाही."

"आणि गणपतीत?"

"गणपतीत टायफॉइड."

"हे लिहून द्याल?"

साळव्यांचं हसू गेलं. "सगळ्यांच्या पोटावर पाय येईल, मॅडम."

"सगळ्यांचं नको. एकट्या गोरिवल्यांचं द्या. ते त्या दिवसांत धडधाकट होते, एवढंच."

"तुम्ही कुठे बघितलंत, असं विचारतील ना?"

"कुठे बघितलंत?"

त्यांनी दाराकडे नजर टाकली. आवाज खाली आणला. "पालखीच्या दुसऱ्या दांड्याला मीच होतो. माझीपण कावीळच होती तेव्हा."

निवृत्तीच्या तोंडावर आलेल्या माणसाला, खोटी रजा घेतली म्हणून स्वतःच लिहून दे, असं मला सांगवेना. मी उठले. ऑफिसात येऊन रिजेक्शन लेटरचा मसुदा केला, आणि तो टाइपिंगला न देता ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्यानंतरच्या एका शनिवारी ऑफिस सुटायच्या वेळेला साळवी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. स्वतःच्या हातानं लिहिलेलं निवेदन. गोरिवले आणि मी दोघेही गावी होतो, दोघांनी पालखी नाचवली, दोघांनाही कावीळ नव्हती. खाली सही.

"अहो, विचार केलात ना?"

"वहिनी बाजारात दिसल्या. मान खाली घालून निघून गेल्या. शिमग्याला पालखी त्यांच्या दारात थांबणार. तिथे मी काय तोंड घेऊन उभा राहू?"

सोमवारी मी कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब सोलापूरचे. पालखी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळंच काही येत असणार. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे कंपनीला फसवत होता. असला माणूस आपल्याला खरं सांगेल?"

"साहेब, खोटं त्यानं कारखान्याला सांगितलं, रजेसाठी. आपल्याला खरंच सांगितलं होतं. आणि आपण त्याचं खोटं उचलून धरतोय."

"आणि हा साळवी? हा तर स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोय!"

"म्हणूनच त्याचा शब्द खरा मानायचा."

साहेबांनी नवं पान लावून तोंडात टाकलं. मग म्हणाले, "हे कारखान्यात जाता कामा नये. फाइल आपल्यातच राहील," आणि शिफारस लिहायला घेतली. डिव्हिजनल ऑफिसनं थोडं आढेवेढे घेत का होईना, क्लेम मंजूर केला. साळवी पुढे रीतसर रिटायर झाले. तोपर्यंत त्यांना आणखी एकदा कावीळ झाली होती, असं ऐकलं.

सुनंदाबाई चेक घ्यायला ऑफिसात आल्या. सही केली, चेक पिशवीत ठेवला, तरी उठेनात.

"बाई, पॉलिसीच्या वेळी तुमच्या डॉक्टरनी यांना तपासलं नव्हतं ना?"

"नाही. ती नॉन-मेडिकल होती."

"आणि त्या सर्टिफिकेटवाल्यांनीपण नाही." त्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत होत्या. "शेवटी शेवटी जिना चढून आले की दारातच बसायचे. दम लागायचा. मी म्हणायचे, अहो, एकदा डॉक्टरकडे जाऊन या. तर हसायचे. म्हणायचे, अगं, आत्ताच तर जाऊन आलो, शिमग्याला."

एका कागदानं गोरिवल्यांना आजारी ठरवलं, दुसऱ्यानं निरोगी. त्यांच्या छातीला मात्र कोणीच नळी लावली नव्हती.

परवा माझा भाचा मोबाइल घेऊन आला. "मावशी, ऑनलाइन लाइफ इन्शुरन्स मिळतोय, मेडिकलशिवाय. भरवसा ठेवावा का?"

मी म्हटलं, "उत्तरं खरी दे आणि खुशाल ठेव. पण आधी जाऊन बीपी आणि ईसीजी करून ये."

"अगं, पण त्यांनी मागितलंच नाहीये."

"म्हणूनच जायचं," मी म्हटलं.