पुढच्या माणसासाठी

न भेटलेल्या माणसांची माझ्या थोरल्या दिरांइतकी काळजी करणारा माणूस साऱ्या नाशकात दुसरा नसेल. भेटलेल्यांची ते तितकी करत नसत. "भाऊजी, आमटीत मीठ बरोबर आहे ना?" विचारलं तर "असेल" म्हणून मोकळे व्हायचे. पण आपल्या मागे आपल्या घरात जो कोणी राहायला येईल, त्याला विजेचा धक्का तर बसणार नाही ना, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

नाशिकरोडला आमची दोघांची घरं शेजारी शेजारी. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर बांधलेली. गवंड्यांची पाठ वळताच भाऊजींनी लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि भिंतींवर लिहायला घेतलं. "आत पाइप आहे. खिळा ठोकू नये." "या बटणाला ओला हात लावू नये." मोरीतल्या भिंतीवर तर ऐसपैस मजकूर: "खाली चेंबर आहे. झाकण डावीकडून उचलावे. कंबर सांभाळावी." नवा पाहुणा आला की चपला काढण्याआधी सगळ्या भिंती वाचून काढायचा. जाऊबाई वैतागायच्या. "अहो, आपल्याला मूल ना बाळ. हे वाचणार कोण?"

"राहणारा कुणीतरी असेलच ना? घर काय आपण बरोबर नेणार आहोत?"

पुढे कॉलनीत नळ आले. दुष्काळ विसरायला लोकांना दोन पावसाळे पुरले आणि जुनी विहीर डबर टाकून बुजवायची टूम निघाली. मीटिंगमध्ये भाऊजी उभे राहिले. "ज्यांना हे पाणी लागणार आहे ते अजून जन्मलेले नाहीत. त्यांच्या वतीने माझा विरोध आहे."

"मग त्यांच्या सह्या आणा," कॉलनीचे सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत, बसलेही नाहीत. जेवायची वेळ टळून गेली तशी माणसं चुळबुळायला लागली आणि शेवटी विहिरीवर लोखंडी जाळी टाकून विषय मिटला. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "भाऊजी, तुम्ही मुद्द्याने नाही जिंकलात. लोकांना भूक लागली होती." "चालेल," म्हणाले, "विहीर वाचली."

या न भेटलेल्या माणसांमध्ये ते स्वतःलाही धरायचे, ही खरी गंमत. चाळिशीतच त्यांनी मोरीत धरायला लोखंडी दांडी बसवून घेतली. कोणासाठी? तर "तो म्हातारा येईल ना, त्याच्यासाठी." तो म्हातारा म्हणजे ते स्वतःच, सत्तरीतले. पण तसं म्हटलेलं त्यांना आवडत नसे. "मी त्याला कुठं पाहिलंय? त्याची आवडनिवड मला माहीत नाही. परका माणूस आहे, म्हणून तर जास्त जपायचं." दिवाळीला मी दुसरा गुलाबजाम वाढायला गेले की ताटावर आडवा हात. "माझी काही हरकत नाही गं. पण तो म्हातारा ओरडेल."

आणि तो म्हातारा वेळेच्या फार आधी आला.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमाराला भाऊजींना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणंही परतलं, पण माणसं आणि घर आठवणीतून पुसून गेलं. दवाखान्यात रात्रंदिवस उशाशी बसलेल्या जाऊबाईंना ते अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही आता घरी जा. तुमचे यजमान वाट बघत असतील." जाऊबाई बाहेर येऊन माझ्या खांद्यावर कोसळल्या. "हे आपले 'हे' नाहीतच गं. मी कुणाला घरी नेऊ?" डॉक्टर म्हणाले, ओळख येईल किंवा येणारही नाही. मी जाऊबाईंना आधी दोन घास खायला लावलं. दुसरं काय करणार?

घरी आणलं तेव्हा ते पाहुण्यासारखे दारात उभे राहिले. मग भिंती वाचू लागले, एकेक, मोठ्याने. बटणाला हात लावण्याआधी तो धोतराला पुसला. मोरीत शिरताना दांडी हाताला लागली, ती घट्ट धरली.

"हे कुणी लिहिलंय?"

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. मीच म्हणाले, "आधी इथं राहत होते त्यांनी."

"भला माणूस दिसतो. ओळख व्हायला हवी होती." त्यांनी चेंबरचा मजकूर पुन्हा वाचला आणि कपाळाला आठी घातली. "पण हे चूक आहे. डावीकडून कसं उचलणार? तिथं नळ आलाय." वाकून नळ पाहिला. "हा मागाहून बसवलाय. भांडीबाजारातून आणलेला. पहिला गळत होता, तो परत नेऊन दुकानदाराशी भांडलो मी…"

ते थांबले. 

"मीच की," ते हळूच म्हणाले. मग जाऊबाईंकडे वळून, "रडतेस काय? डबा आण लाल रंगाचा. उद्या कुणाची तरी कंबर मोडेल."

रंग वाळून दगड झाला होता. जाऊबाई तशाच चपला घालून दुकानात धावल्या. मी मात्र मोरीतली चेंबरची जुनी ओळ खरवडायला घेतली. 

सगळंच काही परत आलं नाही. माझ्या यजमानांचं, म्हणजे सख्ख्या भावाचं, नाव त्यांना अधूनमधून विचारावं लागे. पण विहिरीचा विषय निघाला की सेक्रेटरींचं आडनाव बरोबर आठवायचं.

त्या दिवाळीला मी गुलाबजाम घेऊन पुढे झाले आणि सवयीने विचारलं, "काय भाऊजी, ओरडेल का तो म्हातारा?"

"तो आलाय," ते म्हणाले. "बरा आहे. फारसा ओरडत नाही. वाढ." दुसरा संपवून त्यांनी मोरीच्या दाराकडे पाहिलं. "आधीचा माणूस उगाच कडक होता गं. पण दांडी चांगली बसवून गेला. त्याला कुणी काही खाऊ घातलं की नाही, कोण जाणे."

मी न विचारता त्यांच्या ताटात तिसरा वाढला.