मेलेल्यांची खरी नावं

हेस्टर पेंगलीनं शाळा सोडली ती मासे साफ करायला, आणि मासे सोडले ते बंदरावरच्या लॉन्ड्रीत लोकांचे कपडे धुवायला. अशा बाईनं साठीच्या जवळ आल्यावर वेबसाइट काढली हे कळलं असतं, तर हसून हसून गावाचं पोट दुखलं असतं. पण सांगणार कोण? वेबसाइट होती आम्हा पेगन लोकांची, आणि आमच्यातलं आमच्यात ठेवायचं ही आमची पहिली रीत.

इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या त्या टोकाला कोपऱ्याकोपऱ्यावर ख्रिस्ती चॅपेल. विहिरीपाशी चिंधी बांधणारी, पुनवेला टेकडी चढणारी, जुन्या देवांना मानणारी माणसं मूठभर, आणि तीही एकमेकांपासून दडलेली. कुणी एकटं चाचपडत असेल तर त्याला वाट दिसावी, एवढ्यासाठी हेस्टर लायब्ररीतल्या कॉम्प्युटरपुढं बसून शिकली, आणि मग एक जुना कॉम्प्युटर घेऊन तिनं तो घरी इस्त्रीच्या टेबलाशेजारी मांडला. तिची पहिली वेबसाइट म्हणजे जत्रेतला भुताचा तंबू! काळंकुट्ट पान, त्यावर हिरवी अक्षरं, गरगर फिरणारी चांदणी, नाचणाऱ्या ज्वाळा आणि मधोमध दात विचकणारी कवटी.

"हे वाचायचं की घाबरायचं गं?" जेना म्हणाली. "डोळे गेले माझे. आणि ही कवटी कुणाची, तुझ्या सासूची?"

"सासूला एवढे दात कुठं होते?" हेस्टर म्हणाली.

जेना ट्रेवास्किस बालवाडीत शिकवायची. नवऱ्यापासून वेगळी राहायची, आणि सात वर्षांचा पेरन तिच्यापाशी होता. आमच्यात तिला लव्हाळी म्हणत. आमच्यात प्रत्येकानं एक नाव घेतलेलं असतं. हेस्टर होती घार. टेकडीवर तेच नाव, वेबसाइटवरही तेच. खरं नाव बाहेर पडलं की कुणाची नोकरी जाते, कुणाचं घर मोडतं. म्हणून दुसऱ्याचं नाव फोडण्याएवढं मोठं पाप आमच्यात नाही.

जेनाचं बोलणं मनावर घेऊन हेस्टरनं सगळं नव्यानं मांडायला घेतलं. पान पांढरं केलं, अक्षरं काळी. ज्वाळा विझवल्या. कवटी काढताना तिच्या जिवावर आलं, पण काढली. तिच्या जागी तिनं एक नवं पान केलं, मेलेल्यांचं. ऑक्टोबर सरताना ॲलनटाइडचा सण येतो, तेव्हा आम्ही जाळाभोवती बसून आपापल्या गेलेल्यांना हाका मारतो. त्यांना मात्र हाक मारायची ती खऱ्याच नावानं. जन्मभर ज्या नावाला ओ दिली ते सोडून परक्या नावाला मेलेलं माणूस कशाला येईल?

त्या हाका पानावर राहाव्यात म्हणून हेस्टरनं मेणबत्त्यांची चित्रं लावली आणि प्रत्येकीखाली एक नाव घातलं. त्यातच एक होतं: 'लव्हडे ट्रेंबाथ. हाक मारली लेकीनं, लव्हाळीनं.' काम चांगलं जमलं म्हणून तिनं स्वतःलाच एक केशर घातलेला बनपाव खाऊ घातला.

जिवंत माणसं तिनं नीट झाकली होती, आणि मेलेली उघडी ठेवली होती. हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आमच्यातल्या कुणाच्याही आलं नसतं.

वेबसाइटवर पाहुण्यांनी दोन शब्द लिहायची एक जागा होती. एका सकाळी हेस्टरनं ती उघडली. तिथं लिहिलं होतं: 'लव्हडे ट्रेंबाथला एकच लेक होती. बालवाडीत शिकवते ना ती?' खाली नाव नव्हतं.

हेस्टरनं ते तीनदा वाचलं. जेनाच्या नवऱ्यानं, कोलनं, नुकताच पेरनच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला होता. पोराचं घर बघायला कोर्टाकडून एक बाई त्याच आठवड्यात येणार होती. हेस्टरनं ते पान काढून टाकलं. पण एकदा नजरेखालून गेलेलं कसं काढणार? दारावरून कुणी गेलं तरी तिला वाटे, आलेच. गप्प बसावं, असंही वाटलं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण गप्प बसून पोर गेलं तर?

ती तशीच ॲप्रन न काढता जेनाकडं गेली. जेना बटाटे सोलत होती.

"जेना, मी तुझं नाव फोडलं."

सगळं ऐकून होईपर्यंत जेनाची सुरी हलली नाही. "कोल," ती म्हणाली. "संशय त्याला पहिल्यापासून होता. पुरावा नव्हता. तो तू दिलास. मला एका शब्दानं विचारायचं होतंस!"

"चुकलं गं पोरी."

"चुकलं म्हणून पेरनला धरून ठेवता येतं का?" आवाज फुटला तशी ती खिडकीकडं वळली. "त्या दिवशी तू इथं यायचंस. या स्वयंपाकघरात बसायचंस. काय होतंय ते तूही ऐक."

कोर्टाची बाई, मिसेस प्रायडो, अंगानं उंच, केस घट्ट बांधलेले. पाहूनच हेस्टरला धडकी भरली. बैठकीचं दार अर्धवट उघडं होतं. चहाला ठेवलेलं पाणी आटत चाललं तरी हेस्टर जागची हलली नाही.

"हे तुमच्या नवऱ्यानं वेबसाइटवरून छापून पाठवलंय," बाई म्हणाल्या, आणि कागद उलगडल्याचा आवाज झाला. "म्हणतात, घरात काळी जादू चालते. लव्हडे ट्रेंबाथ कोण?"

"माझी आई."

"आणि लव्हाळी?"

हेस्टरनं ॲप्रनचा बोळा तोंडात कोंबला.

"मी," जेना म्हणाली.

"मुलाला नेता अशा हाका मारायला?"

"नेते. आजीपुढं सफरचंद ठेवायला. मग तेच तो खातो."

"आमच्या चॅपेलात गेलेल्यांची नावं वर्षातून एकदा वाचतात," बाई म्हणाल्या. "काळी जादू शोधतेय मी. सापडेना."

काळ्या पानावरची दात विचकणारी कवटी हेस्टरच्या डोळ्यांपुढं आली. तो कागद त्या पानाचा असता तर! ती बटाट्याच्या पोत्यावर बसली. पण बाईंनी पिशवी बंद केली आणि कोर्टाला काय लिहिणार ते न सांगताच त्या गेल्या.

पुढचे आठवडे हेस्टरनं कसे काढले तिचं तिला माहीत. लॉन्ड्रीतलं मशीन थांबताना खडखडलं तरी ती दचकायची. जेना भेटली तर बोलायची नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग एका दुपारी जेना लॉन्ड्रीत आली. "पेरन माझ्याकडंच," ती म्हणाली. "शनिवार-रविवार कोलकडं."

हेस्टर रडायला लागली. जेनानं तिला रडू दिलं, गळ्यात पडली मात्र नाही. "आता आईचं नाव परत लाव. तिला काढून टाकायला तिनं काय केलं होतं?"

"लावते. आणि हाक कुणी मारली?"

"जेनानं. आडनावासकट लिही."

"पोरी, बालवाडी आहे तुझी! तिथल्या पोरांच्या आया..."

"माहीत आहे मला. या वेळी विचारलंस ना? मग मी सांगतेय."

घरी येऊन हेस्टरनं ते लिहिलं. जेना मागं उभी होती.

"कळ उद्या दाबू का?" हेस्टरनं विचारलं. "आज हात कापतायत."

"उद्या कापणार नाहीत?"

हेस्टरनं कळ दाबली. फोनच्या तारेतून ते पान रांगत रांगत गेलं.

आता रोज सकाळी पाहुण्यांची जागा उघडायच्या आधी ती ॲप्रनचं टोक तोंडावर धरते आणि एकाच डोळ्यानं बघते. बालवाडीतल्या एकाही आईनं अजून काही लिहिलेलं नाही.