रिंगखालच्या दोघी

सर कोणाच्याही घरी गेले की आधी दाराशी थबकायचे. माणसांकडे नंतर, पहिल्यांदा दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे पाहायचे. पोरीची चप्पल मोठी दिसली की स्वारी खूश. "पाय मोठा, म्हंजे पोरगी अजून वाढते," म्हणायचे.

पांढरकवड्याच्या आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक. मी भूगोलाची, पण मुलींच्या संघाबरोबर एक बाईमाणूस हवं म्हणून बास्केटबॉलपायी त्यांच्यासोबत गावोगाव फिरले. संघ निवडताना आमचं हमखास वाजायचं. मला चपळ पोरी आवडत. ते म्हणत, "मॅडम, पळणं मी शिकवतो. उंची कोण शिकवते?"

या चपलांनी त्यांना तोंडघशीही पाडलं होतं. एका घरी दारातली भलीमोठी चप्पल पाहून त्यांनी चहा घेता घेता पोरीचं कौतुक सुरू केलं. पोरगी बाहेर आली ती जेमतेम माझ्या कोपराएवढी. चप्पल तिच्या आजीची निघाली. "आजी, तुमी उशिरा भेटल्या मले," सर म्हणाले. आजी पदर तोंडाशी धरून हसत राहिल्या.

मुकुटबनची एक पोरगी मात्र खरंच ताडमाड होती. इथे मामाकडे राहायची आणि पोक काढून चालायची. मामा ट्रक ड्रायव्हर. "आधीच एवढी उंच हाये. खेळून अजून ताठ दिसन. सोयरीक कुठून आणू मी?" असं त्याचं म्हणणं. सरांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. शेवटी तो जिल्हा स्पर्धेपुरता कबूल झाला, तेही अट घालून. "बाकावर बसवून ठेवली, त पुन्हा पाठवणार नाई."

यवतमाळच्या अंतिम सामन्याला मामा स्वतः आला. समोरच्या पोरी ठेंगण्या, पण पायाला भिंगरी. आमची उंच पोरगी त्यांच्यामागे धावून दमली आणि आम्ही मागे पडलो. मी सरांच्या कानाशी लागले, "तिला बसवा आता. चपळ पोरगी घ्या."

"तिले आज बसवलं, त ते कायमची बसली," सर शांतपणे म्हणाले. "पण मी दयेनं नाई ठेवून राह्यलो. पाहा तुमी."

त्यांनी उलटंच केलं. एक चपळ पोरगी काढून बाकावरची दुसरी उंच मुलगी आत घातली आणि दोघींना सांगितलं, "पळू नका. रिंगखाली उभ्या राहा, हात वर. हुकलेला बॉल तुमचा."

ठेंगण्या पोरी झपाट्याने आत घुसायच्या, डोक्यावर चार हात दिसले की घाईने बॉल फेकायच्या. तो हुकायचा आणि अलगद आमच्या त्या दोन उंच पोरींकडे यायचा. आता हात वर ठेवायचे तर पोक काढून कसं चालेल? सामना संपता संपता मुकुटबनची चांगली ताठ उभी होती. आम्ही जिंकलो. माझं म्हणणं साफ खोटं ठरलं आणि मला मनापासून आनंद झाला. मामाने सरांना एवढंच विचारलं, "पुढची म्याच कधी हाये?"

नंतर फोटो काढताना फोटोग्राफर नेहमीसारखा म्हणाला, "उंच मुली मागे."

"काहून?" सर म्हणाले. "शाळेत, लग्नात, सगळीकडं मागंच उभ्या राहतात त्या. आज या दोघी समोर." आणि जेमतेम पाच फुटांचे सर स्वतः मागे जाऊन उभे राहिले.

गेल्या वर्षी सर गेले. संघ आता मी निवडते, आणि निवडताना त्यांची फार आठवण येते. तो फोटो शाळेच्या ऑफिसात आहे. नव्या मुली विचारतात, यात सर कुठे आहेत? त्या दोघींच्या मागे, मी सांगते.