काटा पन्नासावरच होता

आमचा दादा एक नंबरचा हट्टी. एकतीस वर्षं त्याने संगीतशाळेतल्या हार्प्सिकॉर्डला सूर लावले. कुणी कौतुक केलं की म्हणायचा, "हवा बरी होती." पियानोच्याही आधीचं हे वाद्य, भलतं नाजूक. हवा दमट झाली की लाकूड फुगतं आणि सूर चढतात. कोरडी झाली की उतरतात. म्हणून खोलीतला दमटपणाचा काटा पन्नासावर ठेवायचा, त्यासाठी हवेत ओल सोडणाऱ्या यंत्रात रोज सकाळी पाणी भरायचं. ते काम माझं, कारण तिथली झाडलोट मीच करते. दादाच्या धाकाने एक दिवस चुकले नाही, अंगात ताप होता तेव्हासुद्धा.

यंदा वाजवणाऱ्या बाई कुरकुरायला लागल्या. वरचे सूर बेसूर! "हवा," दादा म्हणाला, आणि पुन्हा लावले. दुसऱ्या दिवशी तेच रडगाणं. "हवाच हो बाई, दुसरं काय असणार?"

मी भिंतीवरच्या काट्याकडे बघितलं. पन्नास. आठवडाभर तो मेला काटा तसूभर हलला नव्हता. म्हणजे हवेचा दोष नव्हता. घरी किटलीची शिट्टी बोंबलत असायची आणि दादा तिथंच बाजूला पेपर वाचत बसायचा. मी त्याला आळशी म्हणून टोमणे मारायचे!

शुक्रवारी संगीतशाळेचे मोठे साहेब आले. "हवा बिघडलीय की तुमचे कान?" त्यांनी तोंडावर विचारलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मला राहवलं नाही.

"चूक माझी, साहेब. आठवडाभर पाणीच भरलं नव्हतं, आज सकाळी आठवलं."

दादाने सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. "अक्कल गहाण टाकलीस का?" मी मान खाली घालून ऐकलं. म्हटलं, ओरड बाबा, तुझी नोकरी तरी राहील. साहेबांनी सूर नीट लावायला सोमवारपर्यंत मुदत दिली.

घरी आल्या आल्या दादा म्हणाला, "किटली ठेव." चहाची वेळ नव्हती. तो समोर खुर्ची ओढून बसला. वाफ यायला लागली, शिट्टी सुरू झाली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"वाजतेय?"

"वाजतेय, दादा."

मी गॅस बंद केला. रडू आवरेना. त्याने खिशातून सूर लावायची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली.

"सोमवारी ही साहेबांना देऊन ये. काटा मीपण बघत होतो गं, आठवडाभर. तरी तुला बोललो."