बाबा मेल ट्रॅशमध्ये ठेवायचे

“त्यात काई नोतं वहिनी, सगळा कचराच होता,” काका स्वयंपाकघरात आईला सांगत होते. “जागाच भरून गेलती. मी एका झटक्यात साफ केलं.”

मी बाहेरच्या खोलीत होते. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. तेरवीनंतर त्यांचे कपडे, गादी, चपला देऊन झाल्या होत्या आणि उरलेलं आवरायला काका बेल्याहून आले होते. पेन्शनच्या कागदांचा मेल यायचा होता, पण पेटी भरल्यामुळे तो येत नव्हता. म्हणून काकांनी बाबांचा कॉम्प्युटर उघडला आणि ट्रॅश रिकामा केला. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

फक्त बाबा मेल ट्रॅशमध्ये ठेवायचे. टाकायचे नाहीत, ठेवायचे. त्यांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. तिथं मिसल, म्हणजे प्रकरणाची फाईल, निकाली निघाली की ती कापडात बांधून मागच्या खोलीत जायची आणि कुणी मागितली की परत टेबलावर यायची. घरच्या मेललाही त्यांनी हाच नियम लावला. वाचलं, उत्तर दिलं, मग पत्र आणि उत्तर दोन्ही डिलीट. जुनं काही हवं असलं की ट्रॅश उघडून शोधायचे. त्यांच्या त्या जुन्या प्रोग्राममध्ये ट्रॅश आपोआप रिकामा होत नसे, त्यामुळे कधी काही हरवलंही नाही. तो कचरा आहे, एक दिवस जाईल, असं मी म्हटलं होतं तर ते हसले होते. “जाते कुठं? तिथंच तर हाये.”

हैदराबादला हॉस्टेलवर असताना मी त्यांना लिहायचे. फोनवर आमचं बोलणं ‘जेवलीस का’, ‘जेवले’, ‘आईला देतो’ यापुढं कधी गेलं नाही. मेल मात्र लांबलचक. इंग्रजीत, कारण माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली आणि मनातलं मराठीत उतरत नसे. वर्गात तोंड उघडत नाही, हे लिहिलं. रूममधल्या मुली मी समोर असताना माझ्याबद्दल बोलतात, हे लिहिलं. सगळं सोडून परत येते, असंही एकदा लिहिलं. ते एका बोटानं टाइप करून मराठीत उत्तर द्यायचे. सुट्टीत मावल्याला घरी आले की आम्ही दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसू. ते पेपर वाचायचे, मी शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलायचे.

कॉलेजनं दिलेला माझा मेलचा पत्ता कॉलेज संपल्यावर बंद झाला. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. बाबांकडे सगळं होतं.

दुपारी काका जरा आडवे झाल्यावर मी तो प्रोग्राम उघडला. पांढरा पडदा. मदतीच्या पानावर लिहिलं होतं की एकदा रिकामा केलेला ट्रॅश परत मिळत नाही. हे प्रोग्राम बनवणाऱ्यांना वाटतं, डिलीट दाबणाऱ्याला ती गोष्ट नकोच असते. रिकामं करण्याआधी ते विचारतात, नक्की ना? पण आत कुणाची पत्रं आहेत, कशाला उत्तर दिलेलं आहे, हे दाखवत नाहीत. साड्यांच्या सेलची जाहिरात आणि माणसाचं पत्र एकाच बटणानं जातं. उत्तर दिलेलं पत्र तरी वेगळं काढून पुन्हा विचारावं, निदान काही काळ कुठंतरी बाजूला ठेवावं. मी हे त्या पानावरच्या सूचनांच्या चौकटीत लिहिलं, आणि पुसलं. मला आता त्याचा काय उपयोग?

परत येते म्हटल्यावर बाबांनी काय लिहिलं होतं, ते आठवत बसले. रागावले नव्हते. बोथच्या कचेरीतल्या पहिल्या नोकरीचं काहीतरी होतं, तेलुगू येत नव्हतं म्हणून तिथं ते गप्प बसायचे, असं. शेवटची ओळ मी तेव्हा कितीदा तरी वाचली होती. ती आता आठवत नाही. बाकीचं जे आठवतं ते त्यांनी लिहिलेलं की मीच जुळवलेलं, तेही कळत नाही.

संध्याकाळी काका निघाले. चप्पल घालता घालता माझ्याकडे पाहून थांबले. “काऊन गप गप हायेस, पोरी? मेल येऊन राह्यले ना आता?”

मी मान हलवली. आई मागं उभी होती. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगायचं तर मी काय काय लिहायचे ते ती विचारणार, आणि ते आमच्या दोघांपुरतं होतं. काकांनी पिशवी उचलली.

“काका, बाबा माझ्याशी घरात बोलायचे नाहीत,” मी म्हटलं. “तिथंच बोलायचे.”