स्टेरिंगमधली अधेली

आमच्या घरात मोटार आली ती काही सुखासुखी आली न्हाई, हे आधीच सांगते. काळी, लढाईच्या आधीची गाडी. तिचं स्टेरिंग इतकं ढिलं की चक्र पाव फेरा फिरवलं तरी पुढच्या चाकांना त्याचा पत्ता नसायचा. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, सरळ रस्त्यावरसुद्धा ताक घुसळल्यासारखे दोन्ही हात हालवत बसायचे आणि गाडी आपल्या मर्जीनं या कडेची त्या कडेला जायची. बीदरहून गुलबर्ग्याला जाताना निर्णा गावाच्या अलीकडं रस्त्याच्या डाव्या अंगाला एक कडूलिंब होता. तिथं आली की ती हमखास झाडाकडं वळायची. एकदा न्हाई, दर खेपेला.

आणि नेमकी त्याच झाडाखाली ती सापडलेली. पोलीस अॅक्शनच्या साली, निजामाचं राज्य जाऊन मुसलमान जीव घेऊन पळत होते तेव्हा, दारं उघडी, आत कुणी न्हाई. आमची शेती तिथंच. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, बैल जुंपून ती गोठ्यात ओढून आणली आणि वर कडबा रचला. पुढं सगळं थंडावल्यावर हैदराबादला जाऊन मूळ मालकाकडून रीतसर विकत घेतली. तो मालक बीदरचा मोठा जमीनदार. तो म्हणाला की ड्रायव्हरनं आम्हाला गुलबर्ग्याला सुखरूप पोचवलं, मग गाडी घेऊन जो गेला तो गेलाच. झालं, लोकांनी बाकीचं जुळवलं. वाटेत गाडी बिघडली, ती टाकून तो पळाला, मुंबईहून जहाजानं कराचीला गेला, आता मजेत असेल. निर्ण्यात मात्र कुणाला त्या महिन्याचं विचारलं की माणूस एकदम वैरणीपाण्याचं बोलायला लागायचा.

त्या ड्रायव्हरची आई बीदरजवळ मैलूरला राहायची. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. दर गुरुवारी ती चालत बीदरातल्या आमच्या घरी यायची, अंगणातल्या गाडीच्या मडगार्डवर हात ठेवायची, ओढणीनं काच पुसायची आणि मला विचारायची की काही खबर आली का. मी न्हाई म्हटलं की पाणी पिऊन जायची. सासूबाईंना ती आलेली खपायची न्हाई. म्हातारीचा तळतळाट गाडीला लागलाय, म्हणूनच गाडी भरकटतीया, असं त्या म्हणायच्या. त्यांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली, चाकाशी नारळ फोडला. गाडी नारळ खाऊन पुन्हा झाडाकडं वळली.

एकदा मला राहवलं न्हाई. मी खालाला म्हटलं, अहो, लोक तुमच्या पोराला नमकहराम म्हणतात, आईला टाकून गेला म्हणतात, आणि तुम्ही गप ऐकून घेता? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी अगदीच पोर आहे.

"भागा होयेंगा तो जिंदा है ना, बेटी," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं मला निघतानाचं सगळं सांगितलं. त्यांच्यात परगावी निघालेल्या माणसाच्या दंडाला इमाम जामीन बांधतात. कापडात नाणं गुंडाळून, देवाच्या हवाली करून. माणूस सुखरूप पोचला की ते सोडायचं आणि नाणं खैरातीत द्यायचं. तिच्याकडं सुटं नाणं नव्हतं म्हणून तिनं गळ्यातल्या माळेतली चांदीची अधेली, निजामाचं आठ आण्याचं नाणं, तोडली, तिच्यावरचा कडीचा डाग तसाच राहिला, आणि आपल्या हिरव्या ओढणीची चिंधी फाडून ती पोराच्या दंडाला बांधली. गुलबर्ग्याला सोडायची न्हाई, परत माझ्यापाशी आल्यावर मी सोडीन, असं बजावलं होतं.

मला तेव्हा दिवस गेले होते. बाळंतपणाला गुलबर्ग्याला माहेरी जायचं, तेही त्याच गाडीतून, त्याच झाडावरून. मी जेवण टाकलं. मालकांना म्हटलं, भूत असेल तर काढा आणि खोट असेल तर दुरुस्त करा, पण पोटातलं लेकरू घेऊन मी असल्या गाडीत बसायची न्हाई. त्यांची टायरांची हवा बघून झाली होती. मिस्त्रीनं स्टेरिंगची पेटी आवळून दिली होती, तर चक्र जड झालं आणि भरकटणं वाढलं. आता ते स्वतः गाडीखाली झोपून बघणार होते. पण खालून बघायचं तर वर बसून कुणीतरी चक्र हालवायला हवं, आणि गडीमाणसं त्या सीटवर बसायला तयार न्हाईत. शेवटी डोक्यावर पदर घेऊन मी बसले. सासूबाई आत निघून गेल्या.

"हालव. थोडंच. थांब. आणिक हालव."

मी इकडं बोटभर, तिकडं बोटभर फिरवत होते आणि ते खालून एकेक सांधा हातानं चाचपत होते. पेटी जागची हालत न्हाई, ठीक. पेटीतून खाली आलेला दांडा हालतोय, ठीक. पण त्याच्यापुढची चाकाकडं जाणारी लांब दांडी ढिम्म. दांड्याची गोळी त्या दांडीच्या वाटीत बसते, आणि माझं सगळं फिरवणं त्या वाटीतच जिरत होतं. ते हसतच बाहेर आले. म्हणाले, वाटी झिजलीया, बाकी काही न्हाई. मी झाडाचं विचारलं. तर रस्ता तिथं डावीकडं उतरता हाय, ढिल्या स्टेरिंगची गाडी उताराकडं जाणारच. मला इतकं हलकं वाटलं की मीसुद्धा हसले. एवढ्याशासाठी अख्खं घर भ्यालं होतं!

मग त्यांनी वाटीचं झाकण खोललं. झाकण सुटू नये म्हणून घातलेल्या पिनेची दोन्ही टोकं नीट वळवलेली होती. आत वंगण, स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या मागं एक चपटी चकती. ढील भरून काढायला कुणीतरी घातलेली. मालकांनी ती रॉकेलमध्ये धुतली आणि माझ्या हातावर ठेवली. चांदी होती. एका बाजूनं खोलगट झिजलेली, दुसऱ्या बाजूला चारमिनार, आणि कडेला कडीचा डाग. तिला चिकटलेला चिंधीचा धागा धुतल्यावर हिरवा निघाला.

मी तिथंच पायरीवर बसले. मालकांना सांगितलं ही कुणाची. त्यांनी ती पिन उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "त्यानं काम पुरतं केलं होतं. गाडी चालण्याजोगी होती. मग टाकून कामून जाईल?"

उत्तर दोघांनाही कळलं होतं. ते म्हणाले, म्हाताऱ्या जिवाला सांगू नको, ती कराचीच्या आशेवर जगायलीया, ही अधेली विहिरीत टाकू. मी भडकले. तिच्या गळ्यातली वस्तू विहिरीत टाकणारे आपण कोण? पण सांगितलं तर पोरगा इमानी ठरतो आणि मरतो. न्हाई सांगितलं तर बेइमान राहतो आणि जगतो. मी अप्पांकडं गेले. एवढंच विचारलं, की गाडी सापडली तेव्हा तिचं तोंड कुठं होतं. अप्पांनी पानाचा डबा बंद केला. उघडला. पुन्हा बंद केला.

"बीदरकडं," ते म्हणाले, आणि उठून गेले.

गुरुवारी खाला आली. न सांगायचंच मी ठरवलं होतं. गाडी ठोकळ्यांवर होती, दांडी सोडून बाजूला ठेवलेली. तिनं मडगार्डवर हात ठेवला, काच पुसली आणि विचारलं, काही खबर? मला न्हाई म्हणता आलं न्हाई. मी मूठ उघडली.

तिनं अधेली घेतली, अंगठ्यानं कडीचा डाग शोधला आणि तिथंच अंगठा ठेवून उभी राहिली. कुठं सापडली, मी सांगितलं. मालकांनी दांडी दाखवली, पिन दाखवली. ती रडली न्हाई.

"गाडी का मूं किधर था?"

"बीदरकडं, खाला."

"आरा था," ती म्हणाली. "मेरे पास आरा था."

मग तिनं ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि अधेली माझ्यापुढं धरली. पोचल्यावर खैरात करायची असती बेटी, म्हणाली, घे. आमच्या घरानं कधी कुणापुढं हात पसरला नव्हता. खिडकीत सासूबाई उभ्या होत्या. मी दोन्ही हातांनी पदर पसरला आणि ती खैरात घेतली. त्यानंतर खाला कुठल्याच गुरुवारी आली न्हाई.

हैदराबादहून नवीन वाटी आली. बाळंतपणाला मी त्याच गाडीतून गेले. निर्ण्याचं झाड आलं तेव्हा मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात चक्रावरून उचलून दाखवले. गाडी तसूभरसुद्धा वळली न्हाई, सरळ निघून गेली. मला वाटलं होतं बरं वाटेल. मी माहेर येईस्तोवर रडत होते.